गौतमची भिंत

मी मूळची अंबाडीच्या पलीकडची. भिवंडीवरनं वाड्याकडं जाताना अंबाडीचा नाका लागतो ना, तिथनं आत आमचं गाव, तवा पायी जायला लागायचं, आता रिक्षा जाते दारापर्यंत. आमचं घर कुडाचं. कूड म्हंजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आनि त्याच्यावर माती-शेन लिंपायचं, झाली भिंत. माझी आय भिंत लिंपायला लागली की बघत ऱ्हावं अशी. मातीत भाताचा तूस घालायची, पायानं तुडवायची, मंग हातानं थापायची. उन्हाळ्यात भिंत सुकली की भेगा पडायच्याच, आनि आय म्हनायची, चंद्रे, भिंतीची भेग पाहुन्याच्या नजरेला पडता कामा नये, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हनून सन आला की आमचं पयलं काम काय, तर भेगा शोधायच्या आनि लिंपायच्या. भेग दिसली की लिंपायची, एवढंच मी घरून शिकून आले, दुसरं शिक्षन माझं चौथीपर्यंत.

लगीन करून भिवंडीत आले. हे, म्हंजे आमचे घरवाले, गौतम त्यांचं नाव, मुनीरशेठच्या लूमच्या कारखान्यात जॉबर व्हते. जॉबर म्हंजे लूम बिघडला की दुरुस्त करनारा. कारखाना आनि आमचं घर याच्यामधी एकच भिंत, तिकडं लूम, इकडं आमची चूल. काय सांगू तुमाला, पयल्याच दिवशी मी फळीवर वाट्या मांडायला गेले तर वाट्या आपल्याआप किनकिन वाजायला लागल्या, मी दोन्ही हातांनी धरून बसले, म्हटलं भूकंपच झाला. सासूबाई हसून हसून बेजार, म्हनाल्या, सोड गं त्या वाट्या, किती दिवस धरशील, हे असंच ऱ्हानार. आनि खरंच, महिनाभरात मला त्या वाट्यांचा आवाज ऐकायलाच येईना. शुक्रवारी लूमची सुट्टी, तवा उलटं व्हायचं, सगळं गपगार, आनि माझा सुजित तान्हा असताना शुक्रवारीच रडायचा. बाकी दिवस जमीनच त्याला हालवून झोपवायची, शुक्रवारी मला पाळना ओढायला लागायचा. आमच्या गल्लीत सगळ्याच बाया शुक्रवारच्या नावानं बोटं मोडायच्या.

मी पन त्याच कारखान्यात कांडी भरायला जायचे. लूमवर इकडनं तिकडं पळतो त्या धोट्यात सुताची कांडी बसते ना, ती यंत्रावर भरून द्यायची. शेठ कोकनी मुसलमान, जुनं भिवंडीचं घरानं, घरात आपल्यासारखीच मराठी बोलायचे, थोडा हेल वेगळा. मानूस कडक. धागा वाया गेलेला दिसला की ओरडायचे. पन ओरडून झालं की विचारायचे, जेवलीस का? त्यांची बायको खतिजाभाभी, तिच्याशी माझं चांगलं जुळलं. तिला माझ्या हातचं सुकटीचं कालवन आवडायचं, मला तिच्या हातची तांदळाची भाकरी. दोघींची मुलं बरोबरीनंच वाढली म्हना ना.

घर आधी एवढंसं व्हतं. खाली दोन खोल्या, वर पत्रे, मंग पत्रे काढून स्लॅब टाकला. सुजित पाचवीत गेला तवा ह्यांच्या डोक्यात आलं की पोराला अभ्यासाला वर खोली पाहिजे. खाली आवाज, खाली पाहुने, खाली मी भांडी आपटनार, पोरगं शिकनार कसं? हे म्हनाले, बाबासाहेबांनी कुठं बसून अभ्यास केला ते आठवतो आनि मला लाज वाटते, माझ्या पोराला एक खोली देता येत न्हाय मला. मंग काय, दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ह्यांनी आनि ह्यांच्या एका मावसभावानं मिळून खोली उभी केली. मावसभाऊ गवंड्याच्या हाताखाली काम केलेला. विटा ह्यांनी स्वतः डोक्यावर वर नेल्या, मी खालनं घमेली द्यायचे. रस्त्याच्या बाजूला खिडकी काढली, वर पान्याची टाकी बसवली. खिडकीशी टेबल, टेबलावर बाबासाहेबांचा फोटो. खोली झाली त्या दिवशी हे टेबलाच्या खुर्चीत जाऊन बसले, पोराच्या आधी स्वतः बसून बघितलं, आनि म्हनाले, चंद्रा, इथनं सगळा रस्ता दिसतो. त्या खोलीत बसून सुजित बारावी झाला, पदवी झाला, नोकरीला लागला. ह्यांना कुनी विचारलं तुमी आयुष्यात काय कमावलं, तर हे बोट वर करून खोली दाखवायचे. थट्टा न्हाय, खरंच दाखवायचे.

तर भेग. पयली भेग मी बघितली ती त्या रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत, खालच्या खोलीत, खिडकीच्या कोपऱ्यापासनं तिरकी खाली आलेली, पायरी-पायरीनं. जयंती जवळ आली व्हती. आमच्यात जयंतीच्या आधी घराला रंग लागतोच, मग उसनं आनून लावा न्हायतर भीक मागून लावा, पन चौदा एप्रिलला घर नवं दिसलं पाहिजे. मी रंगाआधी भिंत घासत व्हते आनि भेग हाताला लागली. ह्यांना हाक मारली. हे आले, बघितलं, आनि काय म्हनाले असतील? हे म्हनाले, लूमचा हादरा. त्याच वर्षी शेठनी आमच्या सामाईक भिंतीला लागून लूमची नवी ओळ टाकली व्हती, धंदा जोरात व्हता. हे त्या लूमचेच जॉबर, म्हनून ह्यांना राग तर आलाच न्हाय, उलट अभिमानच वाटला. बघितलास आमच्या लूमचा दनका, म्हनाले. मी म्हटलं, अहो लूम त्या बाजूला, भेग ह्या बाजूला, मधी अख्खं घर हाय की. तर म्हनाले, पाठीत बुक्की मारली तर खोकला तोंडातनं येतो का पाठीतनं?

शेठच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले, चप्पल दाराबाहेर काढली, भेगेवर असा अख्खा पंजा ठेवला आनि उभेच ऱ्हायले. मंग म्हनाले, गौतम, माझ्या लूमनी तुझं घर फोडलं रे. हे म्हनाले, शेठ, लूम हाय तिथं हादरा आलाच, त्याचं काय एवढं. पन संध्याकाळी हातगाडीवरनं सिमेंटची गोनी दारात. आनि ते एका वर्षाचं न्हाय ऱ्हायलं. दर वर्षी जयंतीच्या आधी शेठची एक गोनी यायचीच. आनि जयंतीला आमच्याकडनं खिरीचं पातेलं त्यांच्याकडं जायचं, पातेल्यातनं ईदला शीरखुर्मा परत यायचा. एखाद्या वर्षी मीच म्हटलं, शेठ, यंदा भेग बारीक हाय, नका पाठवू, तर मलाच ओरडले, म्हनाले, तू कांडी भर, भिंतीचा हिशोब माझा हाय.

मी भेग लिंपायचे. गवंडी कशाला पाहिजे? आयनं शिकवलेलं व्हतंच. आय मातीत तूस घालायची, मी सिमेंटात सुताचा कचरा घालायचे, कारखान्यात कापलेल्या सुताचा ढीग पडलेला असायचा, तो बारीक कातरून कालवायचे. काय मस्त धरायचं! वरनं हात फिरवला की भेग कुठं व्हती ते माझं मलाच सापडायचं न्हाय. गल्लीतल्या बाया बोलवायला लागल्या, चंद्राबाई आमच्या इथं पन जरा लावून द्या, मी सगळ्या गल्लीची भेगांची डॉक्टरीन झाले. दर वर्षी लिंपायची, वरनं रंग, झालं घर नवं. दर वर्षी वेगळा रंग, हां, तो माझा हट्ट. आनि दुसऱ्या जयंतीपर्यंत भेग परत त्याच जागी. नवी ओळ शेठनी दोन वर्षांत काढून टाकली, मागनी न्हाय म्हनाले, पन बाकीचे लूम चालूच व्हते. कुडाच्या घरात पन येतेच की परत, म्हनून मला त्याचं कधी काय वाटलंच न्हाय. घरोघरी मातीच्या चुली, आमच्या गल्लीत बिनभेगेचं घर कुठं व्हतं?

मंग दिवस फिरले. लूमचा धंदा बसला, तुमाला म्हाईतच असेल, कारखान्यामागं कारखाना बंद पडला. मुनीरशेठ आजारी पडले, अंथरुनाला खिळले, आनि गेले. हे खांदा द्यायला गेले व्हते, कब्रस्तानात माती द्यायला पन थांबले, घरी आल्यावर कितीतरी वेळ हात धुतलेच न्हाय. नंतर शेठच्या मुलांनी लूम भंगारात काढले. टेम्पो लागला व्हता आनि हे उभे, आयुष्यभर ज्यांची दुरुस्ती केली ते लूम तुकडे होऊन चालले. हे एकेकाला हात लावत व्हते. मी म्हटलं, चला घरी, तर म्हनाले, थांब, हा चार नंबर जाऊ दे, ह्यानं मला लय छळलंय. आता त्या शेडात खोक्यांचं गोदाम हाय, ऑनलाईनचा माल येतो, जातो, आवाज काय न्हाय. लूम गेले तरी त्या वर्षी जयंतीला शेठच्या मुलानं सिमेंटची गोनी पाठवली. मी म्हटलं, अरे बाबा आता कशाला, लूम कुठं हायेत? तो म्हनाला, अब्बा सांगून गेलेत.

आनि घर शांत झालं. वाट्या वाजायच्या बंद झाल्या. मला पयल्यांदा कळलं की आमच्या घरात घड्याळ टिकटिक करतं. हे जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे, म्हनायचे, चव न्हाय कशाला. मी म्हटलं, चला, एक बरं झालं, आता भिंतीला आराम पडंल. लूमच न्हाय तर भेग कशी येनार? त्या जयंतीला मी अशी घट्ट लिंपली, म्हटलं ही शेवटची.

पावसाळा सरला आनि भेग परत उघडली. आधी केसाएवढी, मंग माझी करंगळी जाईल एवढी. आनि ताई, आवाज! दुपारची मी एकटी बसले व्हते, तांदूळ निवडत, आनि भिंतीच्या आतनं बारीक वाळू सरकल्यासारखा आवाज, सर्र… सर्र… थांबला, परत आला. तो आवाज आधीपासून असेल बघा, लूमच्या धडधडीत आमाला कधी ऐकूच आला न्हाय. मी ह्यांना सांगितलं. हे म्हनाले, जुना मार हाय तो, तरुनपनीचा मार म्हातारपनी दुखतो तसं, लूमचा मार आता बाहेर पडतोय. मला पटलं. खोटं कशाला सांगू, मला पटलं.

वरच्या खोलीत तवा सुजित, आमची सून प्रज्ञा आनि माझी नात, सहा महिन्यांची. प्रज्ञानं बांधकामाचा डिप्लोमा केलाय, कशेळीला गोदामांची कामं चालतात तिथं साईटवर ड्युटीला जाते, डोक्यावर ती पिवळी टोपी घालून. गुनी पोर. सासऱ्यांसमोर आवाज चढवनार न्हाय. तिच्या खोलीचा दरवाजा लागंना झाला व्हता, खाली घासायचा. सुजित म्हनाला सुताराला बोलवतो. तिनं चौकट बोटानं चाचपून बघितली. मंग एक दिवस मला स्वयंपाकघरात म्हनाली, आई, ह्या भिंतीला दर वर्षी कुठला रंग दिला ते आठवतं का तुमाला? म्हटलं, आठवतं म्हंजे, मला इचारतेस? मी सांगायला लागले, गेल्या वर्षी बदामी, त्याच्या आधी आकाशी, त्याच्या आधी गुलाबी, गुलाबी ह्यांना आवडला न्हाय, म्हनाले हॉस्पिटल केलंस घराचं. ती ऐकत ऱ्हायली. मंग म्हनाली, पप्पांना पन बोलवा, मला भेगेपाशी थोडं खरवडायचंय, त्यांच्या समोरच खरवडते.

हे येऊन खुर्चीवर बसले. तिनं पत्र्याच्या पट्टीनं हळूहळू खरवडायला घेतलं. कांद्यासारखे एकेक पापुद्रे निघाले. बदामी, आकाशी, गुलाबी, आनि मी सांगत जाय, हा सुजितच्या लग्नाचा, हा सासूबाई गेल्या त्या वर्षीचा, हा पान्याची टाकी बदलली त्या वर्षीचा. सगळे रंग भेगेच्या आत उतरलेले, माझ्या लिंपनावर चढलेले. खाली खाली जाता मोरपंखी लागला, तो पन आत. आनि मोरपंखीच्या खाली पिस्ता. पिस्ता मात्र भेगेच्या कडेला तुटलेला, आत एक थेंब न्हाय. प्रज्ञा थांबली. म्हनाली, पप्पा, पिस्ता रंग लावला तवा भेग नव्हती, असती तर रंग आत गेला असता. मोरपंखी लावला तवा भेग व्हती. ह्या दोघांच्या मधल्या वर्षात काय झालं?

मी खाली पडलेले पापुद्रे गोळा करायला वाकले. कारन मला ठाऊक. पिस्ता रंगाच्या वेळी सुजित चौथीत. मोरपंखी रंगाच्या वेळी वरची खोली उभी. हे पन ओळखून व्हते. पन हे म्हनाले, शेठनी नवी ओळ टाकली त्या वर्षी, विचार तुझ्या सासूला. आनि ते पन खरंच व्हतं, दोन्ही एकाच वर्षी झालं. प्रज्ञा न्हाय म्हनाली न्हाय. ती म्हनाली, व्हय पप्पा, दोन्हीपैकी एक असेल. मंग आपन बघू या. आता लूम तर न्हायेत. भेगेवर काचेची पट्टी चिकटवू, दोन्ही टोकं सिमेंटात पक्की. भिंत जागेवर असेल तर काच तशीच ऱ्हाईल. भिंत हालत असेल तर काच तुटंल. तोवर मी आनि बाळ खाली झोपतो. ह्यांनी तिच्याकडं बघितलं आनि म्हनाले, दे ती काच, मी लावतो. जॉबरचा हात, अशी सरळ लावली की काय विचारू नका.

मंग काय, सकाळी उठलं की हे आधी काचेपाशी. चहाच्या आधी, तोंड धुन्याच्या आधी. काचेवर फडकं मारायचे, वाकून बघायचे आनि मला ऐकू येईल असं म्हनायचे, जशीच्या तशी हाय. प्रज्ञा कामाला निघताना त्यांना विचारायची सुद्धा न्हाय, एवढी शहानी. मला तर वाटायचं, देवा असं आमी म्हनत न्हाय, पन कुनीतरी ती काच सांभाळा. घराला काय झालं तर घर परत बांधता येतं, पन त्या खोलीनं घर फुटलं असं निघालं तर ह्या मानसानं काय धरून जगायचं?

एके सकाळी हे काचेपाशी गेले आनि फडकं तसंच हातात घेऊन परतले. येऊन ओट्यावर बसले. मी चहा ठेवला, तो पन घेतला न्हाय. मी जाऊन बघितलं. काच मधनं तडकली व्हती, एकच रेघ, तिरकी. मी बाहेर आले आनि म्हटलं, अहो, रस्त्यावरनं केवढाले ट्रक जातात, कंटेनर जातात, त्यानं तडकली असेल. हे म्हनाले, न्हाय. मी म्हटलं, काचच हलक्या जातीची असेल. हे म्हनाले, न्हाय चंद्रा. खोलीच हाय ती. माझी खोलीच खाली बसतेय. आनि त्यांच्या डोळ्यांतनं पानी आलं. पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दोनदा रडताना बघितलंय, सासूबाई गेल्या तवा आनि त्या सकाळी.

प्रज्ञानं साईटवरच्या तिच्या मोठ्या इंजिनेराला आनून दाखवलं, त्यांनी पन तेच सांगितलं. आमच्या त्या कोपऱ्याखाली आधी खड्डा व्हता, पानी साचायचं, तो राख आनि डबर टाकून भरलेला, त्याच्यावर आमी भिंत घातली. साध्या घराचं वजन तिनं झेललं. वर खोली आली, टाकी आली, तवापासून तो कोपरा दबायला लागला, दर पावसाळ्यात थोडा थोडा. आनि आमी काय केलं, तर दर वर्षी लिंपून वरनं रंग दिला. भिंत सांगत व्हती आनि मी तिच्या तोंडावर हात ठेवत व्हते, असंच झालं की न्हाय? इंजिनेर म्हनाले, वरची खोली उतरवा आनि कोपऱ्याचा पाया उघडून भक्कम करा, घर वाचंल. सुजित म्हनाला, पप्पा तुमी मामाकडं जाऊन ऱ्हावा चार दिवस, आमी मानसं लावून काढून घेतो. हे म्हनाले, मी चढवली, मीच उतरवनार. बाबासाहेबांचा फोटो छातीशी धरून खाली आनला आनि मंग दरवाज्याचा पयला स्क्रू स्वतः काढला. विटा दोरीनं खाली सोडल्या, फेकली न्हाय एक पन. मानसं म्हनाली, काका वेळ जातो. हे म्हनाले, जाऊ दे.

आता पाया झालाय, कोपरा झालाय. आमी पाचजनं खालच्या दोन खोल्यांत, जरा दाटी होते, पन ऱ्हातो. नव्या काचेच्या पट्ट्या लावल्यात. प्रज्ञा म्हनते, आई, एक पावसाळा भिंत उघडीच राहू द्या, रंग नको. शेजारनी विचारतात, चंद्राबाई, तुमचं घर असं बोडकं कसं? मी सांगते, आजारी मानसाला कुनी नवी साडी नेसवतं का?

पन एक गोष्ट राहिली व्हती, आनि ती मला जेवू देईना. मुनीरशेठ. बिचारा मानूस वीसेक वर्षं आमच्या भेगेपायी गोन्या पाठवत ऱ्हायला, माझ्या लूमनी तुझं घर फोडलं म्हनत ऱ्हायला, आनि तसंच मनात घेऊन गेला. मी ह्यांना म्हटलं, खतिजाभाभीला सांगायला पाहिजे. हे म्हनाले, शेठ असते तर जाऊन पाय धरले असते, आता भाभीला काय तोंड दाखवू? तू जा. मला न्हाय जमनार.

हे परवाच्या गुरुवारचं सांगते. मी गेले. भाभी आता थकलीय, गुडघे धरलेत, मला बघून म्हनाली, ये चंद्रा, किती दिवसांनी. मी तिला सगळं सांगितलं, रंगांचं, काचेचं, खोलीचं. म्हटलं, भाभी, तुमच्या लूमनी काय केलं नव्हतं. आमचंच घर आमच्या वजनानं बसत व्हतं. ती ऐकत ऱ्हायली. मला वाटलं आता ही मला बोल लावनार, आनि लावला असता तर मी ऐकून घेतला असता. मंग ती म्हनाली, तुला ठाऊक हाय का, ती नवी ओळ त्यांनी दोन वर्षांत काढून का टाकली? सगळ्यांना सांगितलं की मागनी न्हाय. मागनी व्हती. मला म्हनाले, खतिजा, गौतमच्या भिंतीपासनं लूम लांब केलेले बरे, त्याचं लेकरू त्या घरात अभ्यास करतं. आनि शेवटी अंथरुनावर असताना, कुनाला ओळखायचे न्हाय, पन मुलगा कारखान्यातनं आला की विचारायचे, गौतमची भिंत कशी हाय रे?

मी पदर तोंडाला लावला आनि रडले, मोठ्यानं रडले, काय करू? भाभीनं मला रडू दिलं. मंग म्हनाली, गप, चंद्रा, आज जुमेरात हाय, आमच्याकडं गुरुवारी गेलेल्या मानसाच्या नावानं फातिहा पढतात. मी पढते, तू बस. मंग तूच सांग त्यांना. माझ्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

तिनं ताटलीत गोड ठेवलं, उदबत्ती लावली. मी डोक्यावर पदर घेतला आनि तिच्या बाजूला बसले. आमी बुद्धाची मानसं, मेलेल्या मानसाशी बोलनं आमच्यात न्हाय, पन त्या वेळी माझ्या मनात ते आलंच न्हाय. ती पढत व्हती, मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, मी हात जोडून बसले. पढून झालं, तिनं हात तोंडावरनं फिरवले आनि मला मान हालवली. मी म्हटलं, शेठ, मी चंद्रा, तुमच्याकडं कांडी भरायचे ती, गौतमची बायको. शेठ, घर तुमच्या लूमनी न्हाय फोडलं. आमची खोली जड झाली व्हती. तुमच्यावर काय न्हाय, शेठ. एवढं बोलले आनि पदर सावरून उठायला लागले.

तर मागनं हाक आली, शेठ. मी वळून बघितलं तर दारात हे उभे. चपला हातात. कधी आले, किती ऐकलं, काय म्हाईत. आत आले न्हाय, उंबऱ्यापाशीच उभे, शेठ बसायचे त्या खुर्चीकडं बघत, कामावरनं सुटताना मानूस मालकाला सांगतो ना तसं म्हनाले, शेठ, भिंत आता बरी हाय.

भाभी म्हनाली, अल्ला तुझं भलं करो, गौतम, आत ये.